हात लावू नये

ड्रुसिला लँग्रिशला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. तिच्या आईचं म्हणणं, ही पोर पाळण्यातसुद्धा लाथा झाडत होती. सव्वीस वर्षांची झाली, लग्नाचं नाव नाही, आणि दिवसभर आपली खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. अ‍ॅशकोंबमधल्या बायका म्हणायच्या, बापाच्या धंद्याची हवा लागली आहे तिला, दुसरं काय!

बापाचे धंदे तरी किती! मिस्टर जॅस्पर लँग्रिश हे गावातले वकील. मृत्युपत्रं, बांधाची भांडणं, गिरणीच्या पाण्याचे तंटे, सगळं त्यांच्याकडे. आणि वर कॉरोनर. म्हणजे आसपासच्या पंचवीस गावांत कुणी बुडो, जळो, गाडीखाली येवो की गवताच्या गंजीवरून पडो, यांनी घोडा काढायचा, तिथल्याच बारा जणांची ज्यूरी बसवायची आणि माणूस कशाने मेला ते ठरवायचं. घरात जेवताना मेलेल्यांबद्दल बोलायचं नाही असा मिसेस लँग्रिशचा कडक नियम होता, आणि रोज भाजलेल्या मटणावर सुरी ठेवता ठेवता तो मोडायचे ते खुद्द घरधनीच.

माणूस वाईट नव्हता हो. उलट फार सरळ. त्याचाच तर त्रास! विदीफर्ड गावात मागे एक तरुण सून अंगणात मरून पडलेली सापडली होती. शेजारणींनी मायेने तिला आत नेलं, न्हाऊमाखू घातलं, चांगला झगा चढवला आणि अंगणसुद्धा लख्ख झाडून काढलं. मिस्टर लँग्रिश पोचले तेव्हा बघायला काही उरलंच नव्हतं. शिडीवरून पडली की नवऱ्याने डोक्यात घातलं, कोण सांगणार? तो नवरा आजही बाजारात गालांत हसत फिरतो. त्या दिवशी मिस्टर लँग्रिश असे भडकले की त्यांनी अख्ख्या गावाला दंड ठोकला, हवालदार हॉब्डेला सगळ्यांदेखत झापलं आणि चर्चच्या दारावर नोटीस लावली. मेलेलं माणूस सापडलं तर कॉरोनर येईपर्यंत कोणीही हात लावू नये.

विदीफर्डकरांनी ती नोटीस देवाज्ञेसारखी मानली. वर स्वतःच्या पदरची भरही घातली. बुडालेला असेल तर निदान त्याचे पाय तरी पाण्यातच राहिले पाहिजेत, नाहीतर गुन्हा. असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण एकदा गावाच्या डोक्यात बसलं ते बसलं.

त्या मार्चमधल्या सकाळी हॉब्डे लँग्रिशांच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा ड्रुसिला तिसऱ्यांदा तोच पडदा सरळ करत होती. हॉब्डे म्हणजे एरवी चांभारकाम करणारा, बुटांच्या मेणाचा वास मारणारा गलेलठ्ठ माणूस. हवालदारकी त्याच्या गळ्यात पडलेली.

"साहेब आहेत का, मिस?"

"पपा हॅम्बल्टनला गेलेत. गाडीचा अपघात झालाय तिकडे. संध्याकाळपर्यंत काही यायचे नाहीत. का, काय झालं?"

"काही नाही, आमच्याकडे एक जण बुडालाय. ट्रिगबाईंचा सायलस. नदीकाठच्या वाळुंजाच्या फांद्या कापायला पहाटेच गेला होता, तोल गेला असणार." हॉब्डे बाकावर टेकला. "मी थांबतो साहेब येईस्तोवर. काही घाई नाही. तो कुठे पळून जातोय!"

स्वयंपाकिणीने त्याच्यापुढे पाव, चीज आणि बिअरचा मग ठेवला. हॉब्डेने सुरीने पावाचा असा जाड तुकडा कापला, जसा काही बुटाचा तळवा कापतोय. त्याचं ते निवांत चावणं ड्रुसिलाला बघवेना.

"नीट झाकून ठेवलंय ना त्याला?"

"झाकतोय कसले! हात लावायचा नाही ना. काठावर अर्धा ओढला होता पोरांनी, तेवढ्यात मी पोचलो. म्हटलं, थांबा रे गाढवांनो, पाय पाण्यात राहू द्या. काठीने रेघ मारून आलोय, रेघेच्या आत कुणी जायचं नाही. साहेबांना या वेळी नाव ठेवायला जागा नाही." तो अभिमानाने हसला. "त्याची आई तेवढी हैराण करतेय. म्हणे बोटं हलली. अहो, पाणी हलतंय तर बोटं हलणारच की."

ड्रुसिलाच्या हातातून पडदा सुटला. "बोटं पाण्यात आहेत?"

"नाही, पाय पाण्यात. हात काठावर..." हॉब्डेचा घास तोंडातच राहिला.

पुढचं काही ऐकायला ती थांबलीच नाही. तबेल्याकडे धावता धावता तिने शाल ओढली. आई जिन्यावरून ओरडली, "ड्रुसिला! अगं टोपी! बाईमाणसाने बुडालेला पुरुष बघायला जायचं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे, ममा!"

हॉब्डेला तिने गाडीत अक्षरशः ढकललं. तट्टू म्हातारं, रस्ता चिखलाचा. ती चाबूक हवेत वाजवत राहिली आणि मनात एकच घोळवत राहिली. पहाटे पडला. सूर्य उगवला. हॉब्डे चालत अ‍ॅशकोंबला आला, वाटेत कुणाकुणाशी बोलला असेल, आमच्याकडे पाव खाल्ला. आणि तो पोरगा तिकडे गार पाण्यात पाय टाकून पडलाय. शी! कसली माणसं आहोत आपण!

"मिस," हॉब्डे चाचरत म्हणाला, "तो मेलाय हो. मी बघितलाय ना."

"जवळ जाऊन बघितलंस?"

"रेघेच्या बाहेरून," हॉब्डे म्हणाला.

नदीच्या वळणावर निम्मं गाव जमलं होतं. पुरुषांच्या टोप्या हातात, बायका शालीत हात खुपसून उभ्या. चर्चमध्ये असतात तशी शांतता. चिखलात हॉब्डेने मारलेली रेघ स्पष्ट दिसत होती, आणि त्या रेघेला अगदी चिकटून केझाया ट्रिग बसली होती. सायलसची आई. हात मांडीवर घट्ट दाबून धरलेले, जणू ते आपले आपणच रेघ ओलांडतील अशी तिला भीती वाटत होती. तिचा मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता, छातीपर्यंत काठावर, खालचं अंग पाण्यात.

ड्रुसिला तडक रेघेवरून आत गेली.

"अहो मिस, साहेबांची नोटीस!" गिरणीवाला डनिंग पुढे आला. भला माणूस, पण पाण्याचं चाक जसं एकाच बाजूला फिरतं तसा. "आम्हाला पुन्हा दंड नको बाई."

तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ती चिखलात गुडघे टेकून बसली, सायलसच्या तोंडाशी गाल नेला. काही नाही. मग अगदी किंचित काहीतरी. थंडगार नाकातून आलेली कोमटशी झुळूक, पुन्हा एकदा, आणि जबड्याखाली तिच्या बोटांना लागलेला एक ठोका. चूक होणं शक्यच नव्हतं.

"उचला याला! गिरणीत न्या! पपांनी परवानगी दिली आहे!"

हे साफ खोटं होतं. हॉब्डेला माहीत होतं की खोटं आहे. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "ऐकलं ना? साहेबांची परवानगी आहे. उचला."

मग मात्र सगळे तुटून पडले. सायलसला गिरणीत नेलं, शेकोटीपुढे ठेवलं, ओले कपडे फाडून काढले, गरम विटा फडक्यात गुंडाळून बगलेत ठेवल्या, ब्रँडीने अंग चोळलं. ड्रुसिला चोळत राहिली, हात सोलवटले तरी चोळत राहिली. पण जबड्याखालचा तो ठोका तिला पुन्हा सापडला नाही. काठापासून गिरणीपर्यंतच्या त्या चार पावलांत कुठेतरी तो गेला होता.

"सोडा आता, मिस," डनिंगची बायको तिचे हात धरून म्हणाली. "तो पहाटेच गेलेला. तुम्ही आपलं करायचं ते केलंत."

"पहाटेच," दोघं-तिघं एकदम म्हणाले. "पडल्या पडल्याच."

"बोटं हलली होती," केझाया म्हणाली.

"अगं पाण्याने, केझाया. भास झाला तुला. आईचं मन असतं ते."

केझाया कुणाकडे न बघता फक्त ड्रुसिलाकडे बघत राहिली. आणि ड्रुसिलाला काय झालं कोण जाणे. त्या बाईच्या मांडीवरच्या त्या घट्ट मुठी दिसल्या, अख्खी सकाळ त्या तशाच आवळलेल्या होत्या हे आठवलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "नाही, केझाया. मी पोचले तेव्हा तो आधीच गेलेला होता."

केझायाने मान खाली घातली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, ड्रुसिलाला तो ऐकू आला.

संध्याकाळी तिने बापाला सगळं सांगितलं. मिस्टर लँग्रिश अजून बूटसुद्धा न काढता शेकोटीपुढे उभे होते. खोटी परवानगी ऐकून त्यांच्या भुवया चढल्या. पण "तो श्वास घेत होता, पपा," हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की ड्रुसिलाला वाटलं, खुर्ची पुढे करावी.

"तुझी खात्री आहे?"

"आहे."

"तू डॉक्टर नाहीस, ड्रू."

"नाही. पण मेलेला माणूस गालावर फुंकर घालत नाही, पपा."

मिसेस लँग्रिश लगेच मधे पडल्या. "आणि ते उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहेस? तुझ्या वडिलांच्या नोटिशीमुळे माणूस मेला म्हणून? वीस वर्षं त्यांनी रात्र म्हटली नाही, पाऊस म्हटला नाही! आणि त्या बिचाऱ्या ट्रिगबाईचा विचार कर. पोरगा जिवंत होता आणि आपण हातभर अंतरावर बसून राहिलो, हे कळल्यावर ती बाई जगेल का?"

हेच, अगदी हेच ड्रुसिलाला खात होतं. आईचं निम्मं बोलणं स्वतःच्या अब्रूसाठी होतं हे तिला कळत होतं, पण दुसरं निम्मं खरं होतं त्याचं काय करायचं?

मिस्टर लँग्रिश वकिलाच्या आवाजात म्हणाले, "उद्या तुला शपथेवर जे विचारलं जाईल त्याचं खरं उत्तर द्यायचं. न विचारलेलं सांगायला कायदा कुणाला भाग पाडत नाही."

"आणि तुम्ही विचारणार आहात का, पपा?"

ते बूट काढायला खाली वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

दुसऱ्या दिवशी विदीफर्डच्या ‘काळ्या हंस’ खानावळीत चौकशी बसली. खाली बिअरची पिंपं, वर लांब खोली, मधे टेबल. बारा जण शेजारच्या कोठारात जाऊन प्रेत बघून आले, रिवाजाप्रमाणे, आणि बूट पुसत बाकांवर बसले. डनिंग त्यांचा म्होरक्या. कोपऱ्यात केझाया ट्रिग, उसन्या काळ्या शालीत. ड्रुसिलाला बाकावर बसवेना. ती उठली, भिंतीला टेकली, पुन्हा बसली.

हॉब्डेने साक्ष दिली. बुटाच्या शिवणीसारखी, टाक्याला टाका. मग ड्रुसिलाची पाळी आली. तिने बायबलला ओठ लावले.

"प्रेत हलवायला तुम्ही सांगितलंत, मिस लँग्रिश?"

"हो."

"कॉरोनरची परवानगी आहे असं म्हणालात?"

"हो. खोटं बोलले."

"त्याबद्दल तुम्हाला दंड करण्यात येत आहे."

खोलीत कुजबुज झाली. पोटच्या पोरीला दंड! हा माणूस म्हणजे माणूस आहे! डनिंगने तर कौतुकाने मान हलवली. मिस्टर लँग्रिश मात्र तिच्याकडे बघत नव्हते. ते टेबलाच्या कडेवर नख घासत होते. ती वाट बघत उभी राहिली. एकच प्रश्न उरला होता, आणि तो जाडजूड प्रश्न त्या खोलीत बाराही जणांच्या डोक्यावर लोंबत होता असं तिला वाटलं. विचारा, पपा. नका विचारू. देवा, विचारू नका. नाही, विचारा!

"बसू शकता," मिस्टर लँग्रिश म्हणाले.

ती बसली. तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची किळस आली. ज्यूरीने डोकी एकत्र केली. फार वेळ लागणार नव्हता, खाली बिअर वाट बघत होती.

"तिला विचारा ना," कोपऱ्यातून आवाज आला.

केझाया उठून उभी राहिली होती.

"मिसेस ट्रिग," मिस्टर लँग्रिश हळू आवाजात म्हणाले, "साक्ष संपली आहे."

"नाही संपली. तुम्ही तिला एवढं सगळं विचारलंत, परवानगीचं खोटं बोललीस का ते विचारलंत, पण माझा सायलस जिता होता का ते नाही विचारलंत."

"बाई, ते कळून तुम्हाला काय मिळणार आहे? मी तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय."

"माझं भलं!" केझाया हसली की काय, कुणाला कळलं नाही. "काल सकाळपासून अख्खं गाव माझं भलंच करतंय, साहेब. भास झाला म्हणतात. आईचं मन म्हणतात. डनिंगीणबाई मला झोपेचं औषध पाजून गेल्या. मी त्याची बोटं हलताना बघितली हो! मी हॉब्डेला ओरडून सांगितलं, तो म्हणाला बस, मी बसले. आता तो मेलेला होता तर मला वेड लागलंय. आणि जिता होता तर... तर जे काय असेल ते असेल. पण दोन्हींतलं एक मला घेऊन जगायचंय. कुठलं, तेवढं सांगा. दोन्ही नाही मला पेलणार."

दया म्हणून आपण काल काय केलं ते ड्रुसिलाला आत्ता दिसलं. त्या बाईजवळ तिच्या डोळ्यांनी बघितलेलं तेवढंच उरलं होतं, आणि तेसुद्धा आपण काढून घेतलं.

ती कुणी न सांगता उठली. बापाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत वकील नव्हता, कॉरोनर नव्हता. रात्रभर न झोपलेला एक म्हातारा होता, आणि तो तिला थांब म्हणत नव्हता.

"मिस लँग्रिश," त्यांचा आवाज फाटला. "तुम्ही पोचलात तेव्हा सायलस ट्रिग जिवंत होता का?"

"हो. त्याचा श्वास माझ्या गालाला लागला. मानेत ठोका होता." ती केझायाकडे वळली. "काल मी तुमच्याशी खोटं बोलले, केझाया. तुमचं खरं होतं. बोटं त्यानेच हलवली होती."

केझायाने डोळे मिटले. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत होतं मला."

हॉब्डे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. डनिंगने घाईघाईने घसा खाकरला. बिचाऱ्याला सगळ्यांचंच वाचवायचं होतं, हॉब्डेला, गावाला, साहेबांना.

"साहेब, आमचं एकमत आहे. देवाची इच्छा, असा निकाल लिहावा. त्यात कुणाचंच काही जात नाही."

"देवाला यात ओढू नका, डनिंग," मिस्टर लँग्रिश म्हणाले. "देवाने कुणाला काठावर थांबवून ठेवलं नव्हतं. नोटीस माझी होती. निकाल तुमचा असतो, मी तुमच्या तोंडात शब्द घालू शकत नाही. पण तुम्हाला माझी काही किंमत असेल तर पाणी लिहा, थंडी लिहा, आणि कॉरोनरच्या हुकुमाच्या धाकाने वेळेवर बाहेर काढला नाही असं लिहा. माझं नाव घालून लिहा."

मग डनिंगने मान डोलावली, बाकीच्यांनीही डोलावली. मिस्टर लँग्रिश टेबलामागून बाहेर आले आणि केझायासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते टेबल सोडून कुणासमोर गेल्याचं कुणी बघितलं नव्हतं.

"मिसेस ट्रिग, माझी चूक झाली. तुम्हाला काय हवं ते मला सांगा."

केझायाने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर ड्रुसिलाला बरं वाटलं असतं.

"तुम्ही साहेब आहात," केझाया म्हणाली. "नोटीस लावणं तुमचं कामच आहे. हॉब्डे हवालदार आहे, रेघ मारणं त्याचं काम. पण मी आई होते हो त्याची. एवढ्याशा अंतरावर होता. मी तुमचं कशाला ऐकलं?"

मिस्टर लँग्रिशनी तोंड उघडलं. पंचवीस गावांत कोण कशाने मेलं ते सांगणारा माणूस. पुन्हा मिटलं. केझाया उत्तराची वाट बघत राहिली, त्यांच्याकडे, मग हॉब्डेकडे, मग ड्रुसिलाकडे, अगदी खरंच कुणाला माहीत असेल तर सांगावं अशा नजरेने. ड्रुसिला पुढे गेली आणि तिच्याशेजारी बाकावर बसली, आणि त्या दिवशी अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.